आवाज आहे, मग आजी दिसत का नाहीत? व्हिडिओ कन्व्हर्ट करताना रुंदी-उंचीचे प्रमाण असे जपा

कसबे तडवळे हे गाव धाराशिव जिल्ह्यातील आंबेडकरी कार्यकर्त्यांना वेगळे सांगायला नको. २२ आणि २३ फेब्रुवारी १९४१ रोजी तेथे महार-मांग वतनदार परिषद झाली आणि डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वतः तिला आले. लहानपणी त्या परिषदेला गेलेले एक आजोबा आमच्या परिसरात राहत होते. २००९ साली, कॉलेजात असताना, आम्ही चार मित्रांनी लग्नाचे शूटिंग करणाऱ्या ओळखीच्या माणसाकडून मिनी डीव्ही कॅमेरा मागून आणला आणि आजोबांची पाऊण तासाची मुलाखत घेतली. कॅमेऱ्यात 'वाइड' अशी सोय होती, ती आम्ही हौसेने चालू केली. आजोबा मधोमध खाटेवर बसले होते. डाव्या कडेला, उंबऱ्याजवळ, आजी बसल्या होत्या.

आजोबा सांगू लागले, "मी बैलगाडीत बसून गेलतो." आजींनी तिथेच अडवले, "आवो, तुमी कुठं गाडीत? गाडीत थोरलं व्हतं. तुमी मागनं चालत गेलता, सासूबाई सांगायच्या." आजोबा हसले आणि म्हणाले, "हिला माझ्यापेक्षा जास्त म्हाईत."

आजोबा २०१५ साली गेले. २०१८ च्या फेब्रुवारीत आम्ही त्या मुलाखतीचा तुकडा मोबाईलच्या स्टेटससाठी तयार केला. उभा पडदा पूर्ण भरावा म्हणून मधला भाग ठेवला आणि दोन्ही बाजू कापल्या. तो तुकडा गावोगाव फिरला, अजूनही फिरतो. मध्यंतरी मुलाखत ठेवलेली हार्ड डिस्क बंद पडली. मूळ कॅसेटवर आम्हीच पुढे वर्षावासातले प्रवचन रेकॉर्ड करून ठेवले होते. गेल्या वर्षी आजीही गेल्या. तेव्हा त्यांच्या नातीने आम्हाला विचारले, "दादा, व्हिडिओत आजीचा आवाज येतो, मग आजी दिसत का नाहीत?"

या प्रश्नाला आमच्याकडे उत्तर नव्हते. आजींना चौकटीबाहेर कोणी परक्याने काढले नव्हते, आम्हीच काढले होते. तेही मुद्दाम नाही, पडदा भरायच्या नादात. पुढे काय झाले ते शेवटी सांगू. पण त्यानंतर आम्ही हा विषय नीट शिकून घेतला. जयंती, वर्षावास, धम्मपरिषद, आंदोलन, ज्येष्ठांच्या मुलाखती असे सगळे आज आपणच रेकॉर्ड करतो, आपणच कन्व्हर्ट करतो आणि आपणच पसरवतो. म्हणून आम्हाला जे कळले ते सर्व कार्यकर्त्यांपुढे मांडत आहोत.

प्रमाण म्हणजे नेमके काय?

प्रत्येक चित्राला रुंदी असते आणि उंची असते. या दोन्हींचे एकमेकांशी जे नाते, त्याला आस्पेक्ट रेशो म्हणतात. आजचे टीव्ही, लॅपटॉप आणि आडवा धरलेला मोबाईल कॅमेरा बहुतेक वेळा १६:९ या प्रमाणात चित्र देतात. म्हणजे रुंदी १६ भाग असेल तर उंची ९ भाग. १९२० बाय १०८० आणि १२८० बाय ७२० या दोन्ही मापांत पिक्सेलची संख्या वेगळी असली तरी प्रमाण एकच आहे, १६:९.

जुना टीव्ही मात्र ४:३ होता. हे माप आले सिनेमाच्या फिल्मवरून. मूकपटांची चौकट ४:३ होती. बोलपट आल्यावर हॉलिवूडने १९३२ मध्ये १.३७ हे जवळपास तेच प्रमाण ठरवून घेतले. टीव्हीनेही तेच धरले. १९५९ साली दिल्लीत सुरू झालेले आणि १९७२ साली मुंबईत आलेले दूरदर्शन आपण अनेक वर्षे याच ४:३ चौकटीत पाहिले. टीव्ही घरोघर जाऊ लागला तसा प्रेक्षक टिकवण्यासाठी सिनेमा रुंद झाला. १९५३ मध्ये हॉलिवूडने सिनेमास्कोप आणले, आणि १९५९ मध्ये गुरुदत्त यांचा 'कागज के फूल' हा भारतातला पहिला सिनेमास्कोप चित्रपट आला. या दोन मापांच्या मधला मार्ग म्हणून १६:९ पुढे आले आणि एचडी टीव्हीबरोबर जगभर रुळले.

या इतिहासाचा आपल्याशी थेट संबंध आहे. बाबासाहेबांचे जे काही चलचित्र आज उपलब्ध आहे ते सगळे जुन्या, कमी रुंद चौकटीतले आहे. ७ डिसेंबर १९५६ रोजी मुंबईत निघालेली त्यांची अंत्ययात्रा नामदेवराव व्हटकर यांनी कॅमेऱ्यात टिपून ठेवली म्हणून आज आपण ती पाहू शकतो. त्या काळी फिल्म ३५ एमएम असो की १६ एमएम, नेहमीची चौकट ४:३ च्या आसपासच असे. जयंतीच्या मिरवणुकीत मोठ्या एलईडी पडद्यावर बाबासाहेबांचा चेहरा रुंद, फुगलेला दिसतो तो यामुळेच. ४:३ चे चित्र ओढून १६:९ केले की रुंदी एक तृतीयांशाने, म्हणजे सुमारे ३३ टक्क्यांनी वाढते. तो चेहरा आपण इतक्या वर्षांपासून मनात जपला आहे आणि तोच आपण आपल्या हाताने बिघडवून हजारो लोकांसमोर ठेवतो.

आपले नवे व्हिडिओ रुंद आहेत, जुने कमी रुंद आहेत, आणि मोबाईलचा पडदा उभा आहे. एका मापाचे चित्र दुसऱ्या मापाच्या चौकटीत बसवायची वेळ म्हणूनच वारंवार येते.

बसवायचे तीन मार्ग

एका मापाचे चित्र दुसऱ्या मापाच्या चौकटीत बसवायचे तर तीनच मार्ग आहेत. सॉफ्टवेअर कोणतेही असो, त्यातले बटण यांपैकीच एखादे काम करते.

पहिला मार्ग, ओढणे किंवा दाबणे. १६:९ चे चित्र ४:३ मध्ये दाबून बसवले की माणसे २५ टक्के अरुंद होतात. सगळे एकदम वाळलेले, उंच दिसू लागतात. उलट केले की सगळे जाड दिसतात. चित्रातले काहीच जात नाही, पण जे दिसते ते खोटे असते.

दुसरा मार्ग, कापणे. माणसे बरोबर दिसतात, पडदाही भरतो, पण कडेचे कायमचे जाते. १६:९ चे ४:३ केले तर रुंदीचा चौथा हिस्सा जातो. ४:३ चे १६:९ केले तर उंचीचा चौथा हिस्सा जातो, आणि तो बहुधा माणसाच्या डोक्यावरून किंवा हातातल्या फलकावरून जातो. सर्वात जास्त तोटा आडव्या चित्राचे उभे करताना होतो. १९२० बाय १०८० च्या चित्रातून ९:१६ ची उभी पट्टी काढली तर साधारण ६०८ पिक्सेल रुंदी उरते. म्हणजे चित्राचा जेमतेम ३२ टक्के भाग राहतो आणि ६८ टक्के जातो. आमच्या आजी या ६८ टक्क्यांत होत्या.

तिसरा मार्ग, रिकामी जागा सोडणे. चित्र जसे आहे तसे पूर्ण ठेवायचे आणि उरलेल्या जागेत काळ्या पट्ट्या येऊ द्यायच्या. ४:३ चे चित्र १९२० बाय १०८० च्या पडद्यावर ठेवले तर ते १४४० बाय १०८० होते आणि दोन्ही बाजूंना २४० पिक्सेलच्या पट्ट्या उरतात. अनेकांना या पट्ट्या म्हणजे चूक वाटते. "साइडला काळं का येतंय, फुल्ल कर ना," असे म्हणत कुणीतरी रिमोट हातात घेतो. पण तिन्ही मार्गांत चित्राशी प्रामाणिक असा हा एकच मार्ग आहे.

लक्षात ठेवायची मुख्य गोष्ट अशी की ओढलेले चित्र हिशेबाने परत सरळ करता येते, पण कापलेले परत आणता येत नाही. म्हणून तिसरा मार्ग पहिली पसंती. कापणे टाळता येत नसेल तर फक्त प्रतीवर, मुळावर कधीच नाही.

नागराज मंजुळे यांचा 'फँड्री' आठवा. २०१३ च्या या चित्रपटात जब्याचे कुटुंब मारलेले डुक्कर काठीला लटकवून शाळेच्या भिंतीजवळून जाते आणि मागे भिंतीवर महामानवांची चित्रे दिसतात. पुढचे कुटुंब आणि मागची भिंत एकाच चौकटीत आहेत म्हणून त्या दृश्याला अर्थ आहे. हेच दृश्य स्टेटससाठी मधोमध कापले तर उरेल फक्त डुक्कर वाहून नेणारी माणसे. दिग्दर्शकाने जे शेजारी शेजारी ठेवले ते आपण बोटाच्या एका स्पर्शाने वेगळे करतो.

लपलेली अडचण: पिक्सेल चौकोनी नसतात तेव्हा

मोबाईलवर काढलेल्या व्हिडिओचे गणित सोपे आहे, कारण त्याचे पिक्सेल चौकोनी असतात. पण १५-२० वर्षांपूर्वीच्या आपल्या जयंत्या, परिषदा, लग्ने मिनी डीव्ही आणि डीव्हीडीवर आहेत. तिथे खरी गडबड होते.

भारतात चालणाऱ्या पाल पद्धतीच्या डीव्हीडीवर चित्र ७२० बाय ५७६ पिक्सेलचे असते. चित्र ४:३ असो की १६:९, पिक्सेल तेवढेच. मग प्लेअरला कसे कळते? फाइलमध्ये एक छोटी नोंद असते. तिला आपण चिठ्ठी म्हणू. चिठ्ठीवर ४:३ असेल तर प्लेअर चित्र ७६८ बाय ५७६ एवढे करून दाखवतो. १६:९ असेल तर १०२४ बाय ५७६ एवढे पसरवतो. रुंद चित्र दाबून साठवायचे आणि दाखवताना पसरवायचे, अशी ही पद्धत आहे. तिला एनामॉर्फिक म्हणतात.

कन्व्हर्ट करताना ही चिठ्ठी हरवली किंवा चुकीची लागली की माणसे वाळतात. चिठ्ठीच नसेल तर ७२० बाय ५७६ जसेच्या तसे दिसते आणि रुंद चित्र जवळपास ३० टक्के अरुंद होते. चिठ्ठीवर १६:९ ऐवजी ४:३ लागले असेल तर २५ टक्के अरुंद होते. "जुन्या सीडीत सगळे बारीकच दिसतात," असे आपण म्हणतो, तेव्हा अनेकदा दोष या चिठ्ठीचा असतो. चित्र आत शाबूत असते.

काही एचडी कॅमेऱ्यांतही हेच आहे. एचडीव्ही कॅमेरे १४४० बाय १०८० पिक्सेल साठवतात, पण दाखवायचे १९२० बाय १०८० असते. अशी फाइल पाहून "हे ४:३ आहे" असा समज करून घेऊ नये.

चूक ओळखायची कशी?

यासाठी संगणकाचे शिक्षण लागत नाही. व्हिडिओत एखादी गोल वस्तू शोधा. आपल्या कार्यक्रमांत ती हमखास असते: निळ्या झेंड्यावरचे अशोकचक्र, मंचामागच्या फलकावरचे धम्मचक्र. चक्र कॅमेऱ्याच्या अगदी समोर असेल तिथे व्हिडिओ थांबवा आणि पडद्यावर पट्टी लावून त्याची रुंदी-उंची मोजा. दोन्ही सारखी आली तर प्रमाण बरोबर. उंची ८ सेंटिमीटर आणि रुंदी ६ सेंटिमीटर आली तर १६:९ चे चित्र ४:३ मध्ये दाबले गेले आहे. रुंदी ८ आणि उंची ६ आली तर ४:३ चे चित्र १६:९ पर्यंत ओढले गेले आहे. चक्र अंड्यासारखे दिसत असेल तर त्या चित्रातले सगळे चेहरेही तसेच बिघडलेले आहेत.

मोजण्याआधी टीव्हीची किंवा प्लेअरची सेटिंग पाहा. व्हीएलसी प्लेअरमध्ये कीबोर्डवरचे 'ए' दाबले की दिसणारे प्रमाण बदलते. त्याने फाइल बदलत नाही, फक्त दाखवणे बदलते. त्यामुळे आधी प्रमाण 'डिफॉल्ट'वर आणा, मग मोजा.

फाइलच्या आत काय आहे हे पाहायचे तर मीडियाइन्फो हे मोफत सॉफ्टवेअर वापरा. ते रुंदी, उंची आणि डिस्प्ले आस्पेक्ट रेशो या तीन गोष्टी वेगळ्या दाखवते. तिन्ही कागदावर लिहून घ्या. कन्व्हर्ट केल्यानंतर नव्या फाइलचा डिस्प्ले आस्पेक्ट रेशो जुन्याइतकाच आला पाहिजे. मुळात चिठ्ठीच चुकीची असेल तर अर्थातच चक्रावरून निघालेले खरे प्रमाण आले पाहिजे.

कन्व्हर्ट करायची पद्धत

आम्ही हँडब्रेक हे मोफत सॉफ्टवेअर वापरतो. आवृत्तीनुसार बटणांची नावे आणि जागा थोड्या बदलतात, पण क्रम हाच राहतो.

१. फाइल उघडा आणि 'डायमेन्शन्स' या भागात जा. बहुतेक चुका इथेच होतात.

२. 'क्रॉपिंग' पाहा. ते 'ऑटोमॅटिक' असेल तर सॉफ्टवेअर काळ्या पट्ट्या ओळखून कापते. रात्रीच्या मिरवणुकीत किंवा मेणबत्ती रॅलीत कडेचा अंधार पट्टी समजून कापला जाऊ शकतो. म्हणून मूळ चित्राला पट्ट्या नसतील तर ते 'नन' करा.

३. 'एनामॉर्फिक' सहसा 'ऑटोमॅटिक' ठेवा. म्हणजे चिठ्ठी पाळली जाते. पण फाइल साध्या मोबाईलवर, जुन्या टीव्हीवर किंवा पेनड्राइव्हवरून एलईडी वॉलवर चालवायची असेल तर ते 'नन' करा. काही उपकरणे चिठ्ठी वाचतच नाहीत. 'नन' केल्यावर पिक्सेल चौकोनी होतात आणि चित्र सगळीकडे सारखे दिसते.

४. रुंदी आणि उंची असे दोन्ही आकडे स्वतः टाकू नका. एक टाका, दुसरा सॉफ्टवेअरला काढू द्या. आकडा तपासायचा असेल तर गणित सोपे आहे. १६:९ साठी उंचीला १६ ने गुणा आणि ९ ने भागा. ७२० उंचीला १२८०, ५७६ ला १०२४, ३६० ला ६४०. ४८० ला ८५३.३३ येते, पण व्हिडिओला बहुधा सम आकडा लागतो, म्हणून ८५४ धरतात. ४:३ साठी उंचीला ४ ने गुणा आणि ३ ने भागा. ४८० ला ६४०, ७२० ला ९६०.

५. जुन्या कॅसेट-डीव्हीडीच्या चित्रात हालचालीच्या वेळी कंगव्याच्या दातांसारख्या रेषा दिसत असतील तर 'फिल्टर्स'मध्ये डीइंटरलेस चालू करा.

६. आधी एकाच मिनिटाचा तुकडा कन्व्हर्ट करा. चक्र मोजा, कडेची माणसे मोजा. बरोबर आले तरच पूर्ण फाइल लावा.

एफएफएमपेग वापरणाऱ्यांनी स्केल करताना एकच आकडा द्यावा आणि दुसऱ्या जागी उणे दोन लिहावे. म्हणजे दुसरे माप प्रमाणात आणि सम निघते. आपण नेहमी ६४०, ४८० असे दोन्ही आकडे सवयीने लिहितो आणि तिथेच रुंद चित्र दाबले जाते. फाइल लहान करायची असेल तर माप दोन्हीकडून सारखे कमी करा किंवा दर्जा थोडा उतरवा, प्रमाणाला हात लावू नका.

पडद्यावर दाखवताना

फाइल बरोबर असूनही कार्यक्रमात चित्र बिघडू शकते. एलईडी वॉल चौकोनी तुकडे जोडून उभी करतात, त्यामुळे तिचे माप काहीही असू शकते. समजा १२ फूट बाय ८ फूट पडदा आहे. हे प्रमाण ३:२ झाले. १२ फूट रुंदीवर १६:९ चे चित्र पावणेसात फूट उंच येते. वर-खाली मिळून सव्वा फूट जागा उरते. ऑपरेटर ती भरण्यासाठी चित्र ओढतो आणि माणसे जवळपास १८ टक्के उंच होतात. त्याला आधीच सांगा, "दादा, चित्र ओढू नका, उरलेली जागा निळी किंवा काळी ठेवा." त्या जागेत कार्यक्रमाचे नाव लिहिले तर तीही चांगली दिसते.

शाळेच्या किंवा विहाराच्या प्रोजेक्टरवर 'आस्पेक्ट' या बटणात 'ऑटो' किंवा 'नॉर्मल' निवडा. टीव्हीवर 'फुल', 'वाइड', 'झूम' टाळा. यूट्यूबवर टाकताना स्वतः काळ्या पट्ट्या घालू नका. व्हिडिओ आहे त्या प्रमाणात टाका, प्लेअर लागेल तशी जागा सोडतो. आपणही पट्ट्या घातल्या आणि प्लेअरनेही घातल्या की चारही बाजूंनी काळी चौकट होते आणि मधले चित्र तळहाताएवढे उरते. स्टेटससाठी उभा व्हिडिओ हवाच असेल तर पूर्ण आडवे चित्र मध्ये ठेवा आणि वर-खाली उरलेल्या जागेत मजकूर लिहा. कोणीही चौकटीबाहेर जाणार नाही.

हे एवढे महत्त्वाचे का?

कुणी म्हणेल, जिल्ह्यात पाण्याचा, रोजगाराचा, स्थलांतराचा प्रश्न असताना चित्राच्या रुंदीवर कसली चर्चा? समाजकार्य करताना हा प्रश्न आम्हीही स्वतःला विचारला. उत्तर असे मिळाले की व्हिडिओ हा आज आपला दस्तऐवज आहे. वंचित समाजाचा इतिहास सरकारी दप्तरात कमी आणि माणसांच्या आठवणीत जास्त असतो. ती आठवण आता कॅसेटवर, डीव्हीडीवर, मोबाईलमध्ये आहे. अत्याचाराच्या घटनेनंतर काढलेल्या व्हिडिओत कडेला उभा असलेला माणूस उद्या साक्षीदार ठरू शकतो. मोर्चाच्या व्हिडिओत कापल्या गेलेल्या कडेला बहुतेक वेळा महिला असतात, कारण मध्ये पुढारी असतात. चौकट कापताना आपण मध्य ठेवतो. मध्यात कोण असते आणि कडेला कोण, हे आपण समाजशास्त्राच्या वर्गात शिकलो आणि संगणकापुढे बसल्यावर विसरलो.

वारशाचेही तसेच आहे. आपल्या जिल्ह्यातील तेर हे प्राचीन तगर. तेथील त्रिविक्रम मंदिराचा जुना भाग गजपृष्ठाकृती चैत्यगृहाच्या घडणीचा आहे, असे अभ्यासक मांडत आले आहेत. ही मांडणी वास्तूच्या आकारावर उभी आहे. आपण तेथे जाऊन व्हिडिओ काढतो आणि दाबलेली किंवा ओढलेली प्रत पसरवतो तेव्हा छपराची कमान खरी किती उंच, किती रुंद हेच कळेनासे होते. ज्या वास्तूचा आकार हाच पुरावा आहे, तिचा आकार तरी आपण बदलू नये.

म्हणून आम्ही आता तीन नियम पाळतो. मूळ फाइल कधी बदलायची नाही, कधी पुसायची नाही. तिच्या दोन प्रती दोन वेगळ्या ठिकाणी ठेवायच्या, एक कार्यकर्त्याच्या घरी आणि एक विहारात. फाइलच्या नावातच तारीख, गाव आणि 'मूळ' किंवा 'प्रत' हा शब्द लिहायचा. कन्व्हर्ट होईल ती फक्त प्रत.

आजी सापडल्या

नातीने विचारल्यानंतर आम्ही महिनाभर शोध घेतला. शेवटी विहाराच्या कपाटात, जुन्या जयंतीच्या पावती पुस्तकांखाली, एक डीव्हीडी मिळाली. २००९ सालीच आम्ही ती करून घेतली होती. तिच्यात सगळे वाळलेले दिसतात म्हणून तेव्हा ती कुणालाच आवडली नाही, वाटलीही गेली नाही. ती नावडती होती म्हणूनच वाचली.

आम्ही आधी तिची जशीच्या तशी प्रत करून घेतली. मग मीडियाइन्फोने सांगितले: ७२० बाय ५७६, डिस्प्ले आस्पेक्ट रेशो ४:३. आजोबांच्या मागे भिंतीवर गोल घड्याळ होते. पट्टीने मोजले, उंची ४ सेंटिमीटर, रुंदी ३. चिठ्ठी चुकीची लागली होती, एवढेच. हँडब्रेकमध्ये एनामॉर्फिक 'नन' केले, 'कीप आस्पेक्ट रेशो'ची खूण काढली, 'अलाउ अपस्केलिंग'ला खूण केली आणि रुंदी १०२४, उंची ५७६ लिहिली. एरवी दोन्ही आकडे लिहू नका असे वर सांगितले आहे. इथे लिहिले, कारण चूक नेमकी काय आहे हे मोजून कळले होते. घड्याळ गोल झाले. आजोबा पूर्वीसारखे दिसू लागले. आणि डाव्या कडेला, उंबऱ्याजवळ, पदर सावरत आजी बसलेल्या होत्या.

लॅपटॉप घेऊन आम्ही त्यांच्या घरी गेलो. "आवो, तुमी कुठं गाडीत?" हे वाक्य आले तेव्हा घरातले सगळे हसले आणि लगेच गप्प झाले. नातीने व्हिडिओ तिथेच थांबवला आणि बराच वेळ तसाच ठेवला.

आपल्या गावातही असे एखादे कपाट असेल. या रविवारी ते उघडा. ज्या सीडी, डीव्हीडी, कॅसेट "नीट दिसत नाहीत" म्हणून बाजूला टाकल्या आहेत, त्या फेकू नका. आधी जशीच्या तशी प्रत करा, मग चक्र मोजा.

जय भीम!